टाचणाबाहेरचा पाठ

पहिल्या परीक्षेच्या पाठात मी नापास झालो, कारण मी एकही चूक सोडली नाही.

हे उफराटं वाटेल, म्हणून थोडं मागचं सांगतो. मी आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. जुळवलेली पानं टेबलावर यायची, मी मान खाली घालून त्यांतल्या चुका काढायचो आणि पानं परत पाठवायचो. कुणाशी फारसं बोलावं लागत नसे, आणि ते मला बरं वाटे. इंग्रजी पुस्तकंही तपासायचो, त्यामुळे ती भाषा डोळ्यांना चांगली येत होती. तोंडाला येते की नाही, हे पाहण्याची वेळ आली नव्हती. मग छापखाना बंद पडला. एका संध्याकाळच्या शाळेत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला कुणी टिकत नव्हतं, तिथे मला चिकटवून घेतलं. मुख्याध्यापक म्हणाले, "तूर्तास चालवा. पण कायम राहायचं तर पदवी हवी. नाहीतर वर्ग दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल, माझा इलाज नाही."

ही पदवी म्हणजे ज्यांची भाषा इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी कसं शिकवावं, याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. ज्या वयात माणसं बागेतल्या बाकावर बसून एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात, त्या वयात मी विद्यापीठात नाव घातलं. बरोबरची मुलंमुली माझ्या मुलीहून लहान. ती मला आजोबा म्हणत आणि माझ्या टिपणांच्या छायाप्रती काढून नेत. लेखी पेपर मला अवघड गेले नाहीत. ते पुस्तकातलं होतं. अडलं ते परीक्षेच्या पाठाशी. आपल्याच वर्गाला, मागे निरीक्षक बसलेले असताना, एक पूर्ण तास शिकवून दाखवायचं. संधी दोनच.

पहिल्या संधीचं काय झालं ते सांगितलंच. वर्गातल्या शिंपीणकाकूंनी एक वाक्य सुरू केलं, मी ते दुसऱ्याच शब्दाला थांबवून दुरुस्त केलं. आचाऱ्याने उत्तर दिलं, त्यातल्या तीन गोष्टी मी सुधारल्या. ड्रायव्हरने हात वर केला होता, तो त्याने डोकं खाजवल्यासारखं करून खाली घेतला. थोड्या वेळाने वर्ग चिडीचूप झाला. शेवटी मी एकटाच बोलत होतो, आणि अगदी बिनचूक बोलत होतो.

आमच्या निरीक्षक मॅडमना मुलांनी 'तराजू' नाव ठेवलं होतं. पाठ पटत असला की त्यांची मान सरळ असते, बिघडायला लागला की डावीकडे झुकते, असं सगळे सांगत. त्या दिवशी मान इतकी झुकली होती की मला वाटलं, त्यांना उसण भरली आहे. नंतर त्या म्हणाल्या, "तुमचा वर्ग तुमच्याशी बोलत नव्हता. तुमच्यापासून लपत होता."

हे वाक्य मी घरी कुणाला सांगितलं नाही. पण बायकोला माझा चेहरा वाचता येतो, तिथे मुद्रितशोधक ती आहे.

"झालात ना नापास?"

"हो."

"मग पुन्हा द्या. तोंड पाडून बसू नका, मला तेही बघायचं आणि भाजीही निवडायची, दोन्ही जमत नाही."

दुसऱ्या पाठासाठी मी विषय घेतला, दुकानात जाऊन तक्रार करणे. विकत घेतलेली छत्री उघडत नाही, ती परत करायची. टाचण, म्हणजे तासात काय काय कसं घ्यायचं त्याचा लेखी आराखडा, चांगलं भरगच्च केलं. आमच्या टाचणात एक रकाना असतो: विद्यार्थी इथे कोणत्या चुका करतील. तो तर मी इतक्या मनापासून भरला की टाचणाला वेगळं पान जोडावं लागलं. मग माझ्या मनात भीती शिरली की वर्गासमोर उभा राहिल्यावर हे सगळं मला आठवणार नाही. म्हणून मी दुपारी शाळेत जायला लागलो. रिकाम्या बाकांसमोर उभा राहून पूर्ण पाठ मोठ्याने म्हणायचो. माझं बोलणं, विद्यार्थ्यांची उत्तरं, दुकानदाराचं बोलणं, गिऱ्हाईकाचं बोलणं, सगळं मीच. बाकं बिचारी ऐकून घेत.

परीक्षेच्या वर्गाला तोच पाठ आधी शिकवायचा नाही, असा नियम आहे. बाकांविषयी नियम नव्हता.

दुसऱ्या पाठाच्या दिवशी घरातून निघताना मी माळ्यावरची मोडकी छत्री पिशवीत घातली. बायको म्हणाली, "इतकी वर्षं टाकून द्या म्हणत होते, तर तिला पदवीला बसवायची होती होय?"

मला हसू आलं नाही. हा पाठ गेला की पदवी गेली, आणि पदवी गेली की ती माणसं गेली. त्या वर्गात बसणारी माणसं सोडली तर मला 'या, बसा' म्हणणारं घराबाहेर कुणी राहिलं नव्हतं. हे मी तोवर कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

वर्गात सगळे माझ्या आधी येऊन बसले होते. शिंपीणकाकू पहिल्या बाकावर, त्यांच्या ब्लाउजच्या खांद्याला टोचलेल्या दोन टाचण्या तशाच. त्यांचं दुकान दुपारी बंद असतं, म्हणून त्या नेहमीच लवकर येतात. त्यांच्या मागे आचारी, एका वसतिगृहात स्वयंपाक करतो. आज त्याने केस पाणी लावून बसवले होते. शेजारी ड्रायव्हर. खिडकीपाशी ताई, टपालाच्या खिडकीवर बसून बसून जिचं बोलणं 'पुढे या' आणि 'सुट्टे द्या' एवढ्यावर आलं होतं. ती वर्ष होत आलं तरी वर्गात आपणहून एक शब्द बोलली नव्हती.

"सर, पाणी प्या," शिंपीणकाकू हळूच म्हणाल्या. "काही काळजी करू नका. आज सगळं नीट होणार."

"कशावरून?"

"बघाच तुम्ही," आचारी म्हणाला आणि ड्रायव्हरला कोपर मारलं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मॅडम आल्या, मागच्या बाकावर बसल्या, चष्मा पुसला. मान सरळ होती. आता तास संपेपर्यंत आपल्या भाषेतला एकही शब्द चालणार नव्हता. पुढे जे बोलणं झालं ते सगळं इंग्रजीत झालं. मी ते इथे आपल्या भाषेत लिहितो आहे आणि त्यांच्या चुका जमेल तशा ठेवल्या आहेत.

मी पिशवी टेबलावर ठेवली. टाचणाप्रमाणे मी विचारायचं होतं, "या पिशवीत काय असेल?" आणि त्यांनी नाना तर्क करायचे होते: पुस्तक, डबा, बूट. त्यातून शब्द निघणार होते.

"या पिशवीत काय असेल?"

"छत्री," ड्रायव्हर म्हणाला. "ती उघडत नाही. मी ती काल विकत घेतली."

छत्री अजून पिशवीतच होती. बंद.

मागे मॅडमचं पेन थांबलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण पेन थांबल्याचं ऐकू येतं.

"छान," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? छत्री बाहेर काढली. पुढचा प्रश्न विचारण्यासाठी तोंड उघडलं, तोच शिंपीणकाकूंनी त्याचं उत्तर दिलं. वाक्य शुद्ध होतं. मग आचाऱ्याचं, तेही शुद्ध. मी दुकानदार झालो, आचारी गिऱ्हाईक झाला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "नमस्कार. अं... हं... म्हणजे... मला एक तक्रार करायची आहे." मग त्याने घसा खाकरला. दोनदा, मधे थोडं थांबून.

ते खाकरणं माझं होतं. दुपारी बाकांसमोर मी बरोबर त्याच जागी अडखळायचो आणि असाच दोनदा घसा साफ करायचो. आचाऱ्याने तेसुद्धा पाठ केलं होतं.

चुकांचं ते जोडलेलं पान टेबलावर पडलं होतं, आणि त्यातली एकही चूक वर्गात होत नव्हती. संवाद पाण्यासारखा पुढे चालला होता. मी कळ दाबावी आणि यांनी बोलावं. मला वाटलं, असंच चालू दे. मॅडमना कदाचित वाटेल, वर्ग हुशार आहे. कदाचित मान सरळच राहील. पाठ संपेल, मी घरी जाईन, काय झालं ते कुणाला कळणार आहे?

पण छापखान्यात एक गोष्ट मी शिकलो होतो. पहिल्याच खेपेला अगदी निर्दोष पान आलं की मी ते बाजूला ठेवायचो आणि मूळ प्रतीशी ओळ न् ओळ ताडून बघायचो. कारण बहुतेक वेळा अक्षरं जुळवणाऱ्याने अख्खी ओळच गाळलेली असे. चुका असलेल्या पानापेक्षा असलं पान धोक्याचं.

इथे काय गळलं होतं ते दिसत होतंच. माणसं गळली होती.

मी वर पाहिलं. मॅडमची मान डावीकडे कलली होती.

मी छत्री टेबलावर ठेवली आणि दुकानदार व्हायचं थांबलो. आचारी गांगरला, कारण माझं पुढचं वाक्य आलं नाही. त्याने मदत म्हणून तेच वाक्य मला कुजबुजून सांगितलं. "पावती आहे का?" हे मी म्हणायचं होतं.

"तुम्हाला हे सगळं कसं येतं?" मी वर्गाला विचारलं.

हा प्रश्न पाठात नव्हता. ड्रायव्हर छताकडे बघू लागला. बाहेरच्या जिन्यावर कुणीतरी बादली ओढत असल्याचा आवाज ऐकू आला. माझा हात टाचणाकडे गेला. तिथे या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं.

मग शिंपीणकाकू उभ्या राहिल्या. त्यांनी ब्लाउजवरची टाचणी काढली, पुन्हा खोचली.

"सर," त्या म्हणाल्या, "मी बाहेर बसतो. दुपारी. तुम्ही आत बोलते, मी ऐकते. मी सगळ्यांना शिकवला. मागच्या वेळ आम्ही चुकली, तर तुम्ही नापास. या वेळ आम्ही चुकणार नाही."

हे सगळं मॅडमच्या देखत. माझी परीक्षा त्यांनी एका दमात बुडवली होती, आणि त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू माझी हरवलेली वस्तू शोधून मला परत द्यायला आणली आहे. वर्षभरात त्या एवढं लांब बोलल्या नव्हत्या. वाक्यावाक्याला चूक होती. माझी जीभ सवयीने टाळ्याला लागली होती. ती मी तिथेच धरून ठेवली. फार जड गेलं. एखाद्या पानावर ठसठशीत चूक दिसावी आणि खूण न करता पान उलटावं, तसं.

"तुमच्यामुळे मी नापास झालो नव्हतो," मी सावकाश म्हणालो. "माझ्यामुळे झालो. मी तुम्हाला बोलू दिलं नाही."

मग मी टाचण उचललं आणि पालथं ठेवलं. हे धाडस नव्हतं. त्याच्याकडे बघितलं की मला चक्कर येत होती.

"आता तुम्ही प्रश्न विचारा. मला. जे खरंच जाणून घ्यायचं असेल ते. मी उत्तर देईन."

विद्यापीठात शिकवतात की प्रश्न टाकल्यावर शिक्षकाने थांबावं, घाई करू नये. त्यावर मी एक निबंध लिहिला होता, चांगले गुण पडले होते. ते थांबणं असं असतं, हे त्या निबंधात नव्हतं. मी टेबलाच्या मागे जाऊन उभा राहिलो.

आचारी अजून उभाच होता. शेवटी तोच म्हणाला, "छापखाना तुम्ही का सोडली?"

"छापखाना मी सोडला नाही," मी म्हणालो. "छापखान्याने मला सोडलं."

"अच्छा," आचारी म्हणाला आणि स्वतःशी पुटपुटला, "सोडला. का सोडला." मग त्याला उत्तर समजलं, तो मोठ्याने हसला आणि खाली बसला.

ड्रायव्हरने हात वर केला. डोकं खाजवलं नाही. "तुमची बायको तुमच्या चुका काढतो?"

"रोज."

"किती?"

"छापायला घेतल्या तर जाड पुस्तक होईल. आणि तुमची?"

"माझी बायको म्हणतो, मी गाडी बरा चालवतो, घर वाईट चालवतो." तो जागच्या जागी बायकोची नक्कल करून दाखवू लागला. शब्द संपले की हात वापरत होता, हात संपले की शब्द शोधत होता. शिंपीणकाकू त्याला मधेच शब्द पुरवत होत्या, बरेचसे चुकीचे. मागच्या बाकांवरचे लोकही बोलू लागले. मी मधे पडत नव्हतो. फक्त उत्तर देताना त्यांचंच वाक्य नीट करून वापरत होतो, आणि कुणी ते उचललं तर उचललं.

मग खिडकीपाशी ताई उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून सगळे गप्प झाले, आणि त्यामुळे ती आणखीच घाबरली. तिने बाकाची कड धरली.

"सर," ती म्हणाली. "तुम्ही आम्हाला कशाला घाबरतो?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. मागे मॅडम बघत होत्या. प्रश्नात चूक होती आणि प्रश्न बरोबर होता. मला तिला सांगता आलं असतं की क्रियापद बदला. ते सोपं गेलं असतं. त्यात मला लपता आलं असतं.

"कागदावरची अक्षरं माझ्याकडे कधी वर बघत नव्हती," मी म्हणालो. "तुम्ही बघता. म्हणून घाबरतो. आणि आज हा पाठ गेला, तर तुम्ही पुन्हा माझ्याकडे बघणार नाही. त्यालाही घाबरतो."

ताईने थोडा विचार केला. "मी पण," ती म्हणाली. "खिडकीवर, काच असते. इथे काच नाही." आणि खाली बसली.

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा छत्री टेबलावरच होती. तिची तक्रार कुणी पूर्ण केलीच नाही.

विद्यार्थ्यांना बाहेर थांबायला सांगून मॅडमनी दार लावलं. त्या माझ्याहून कितीतरी लहान. मी मात्र मुख्याध्यापकांपुढे उभ्या केलेल्या मुलासारखा उभा होतो.

"बसा," त्या म्हणाल्या. "तालीम घेतली होती?"

"रिकाम्या बाकांसमोर."

"बाकं चांगली तयार झाली होती." त्या हसल्या नाहीत. "टाचणातला पाठ तुम्ही अर्ध्यात टाकलात. जे टाचणात नाही त्याला मी गुण कसे देऊ?"

"देता येणार नाहीत," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

"इतक्या लवकर कबूल करू नका हो. त्या खिडकीपाशी बसलेल्या बाईंचा प्रश्न. त्यातली चूक तुम्हाला ऐकू आली?"

"आली."

"मागच्या वेळी असल्या चुका तुम्ही माशा मारल्यासारख्या मारल्या होत्या. आज ही का सोडलीत?"

मी पुस्तकातलं उत्तर शोधलं. ते माझ्याजवळ होतं, लेखकांच्या नावांसकट. पण ते तोंडापर्यंत आलं नाही.

"ती विचारत होती," मी म्हणालो. "वर्षात पहिल्यांदा. मी क्रियापदाला हात घातला असता तर तिने क्रियापद सुधारलं असतं आणि प्रश्न परत घेतला असता."

"मग ती चूक तशीच राहू द्यायची?"

"नाही. नंतर. फळ्यावर. तिचं नाव न घेता."

"आणि आचाऱ्याची?"

"ती त्याने स्वतःच सुधारली. बरोबर रूप मी उत्तरात ठेवलं होतं."

"शिंपीणबाईंच्या?"

"त्या मोजल्या नाहीत. पण आठवतात सगळ्या." आणि मी एकेक सांगू लागलो. कोणती आधी घेईन, कोणती आणखी महिनाभर राहू देईन, कोणती आपोआप जाईल. सांगता सांगता लक्षात आलं की मी खाकरत नव्हतो.

मॅडमनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मी त्यांच्या मानेकडे बघायचं टाळलं.

"टाचणाचे गुण गेले," शेवटी त्या म्हणाल्या. "ते सगळे गेले, त्यात मी काही करू शकत नाही. पहिला अर्धा तासही गेला. वर्ग ऐकून निर्णय बदलणं, चुका कधी घ्यायच्या हे ओळखणं, याला वेगळे गुण असतात. ते जेवढे देता येतात तेवढे दिले. काठावर पास." त्यांनी चष्मा काढला. "आजोबा म्हणतात ना तुम्हाला? आजोबा, काठावर म्हणजे अगदी काठावर हं. पाय सरकला असता."

मी आभार मानले आणि दाराकडे वळलो.

दार उघडलं तर सगळे तिथेच. शिंपीणकाकूंचे डोळे लाल. आचाऱ्याचे केस आता उभे राहिले होते.

"काय झालं?" काकूंनी आपल्या भाषेत विचारलं. "माझ्या तोंडाला मेलं कुलूप नाही. मी बोलायला नको होतं ना?"

"काठावर पास."

"काठावर तर काठावर," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी खड्ड्यात नाही गेली ना? मग झालं."

"थांबा," शिंपीणकाकू म्हणाल्या. "आधी सांगा सर, आज आम्ही किती चुकलो? खरं सांगा."

"पुष्कळ."

"मग घरी कशाला निघालात? आत चला. त्या चुका सांगा आधी. नाहीतर मला झोप नाही यायची."

मॅडम जिन्याकडे निघाल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि गेल्या. आम्ही परत आत गेलो. मी छत्री टेबलावरून खाली ठेवली, खडू घेतला आणि फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं, जसं बोललं गेलं तसं, चुकीसकट, कुणाचं ते न सांगता.

खिडकीपाशी ताईने हात वर केला.

"सर," ती म्हणाली, "ते माझं आहे."